पालवणकर बाळू

क्रिकेटच्या संघात जागा अकराच असतात. भाताची कापणी होऊन मावळातील खाचरे मोकळी झाली, म्हणजे लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत जागोजागी मुलांचे खेळ रंगू लागतात. कोणी फळी तासून बॅट करतो, कोणी तीन काठ्या रोवून यष्टी उभ्या करतो. खाचरात खेळणाऱ्या मुलाची दृष्टी शाळेच्या संघावर असते, शाळेच्या संघातील मुलाची जिल्ह्याच्या संघावर, आणि जिल्ह्याकडून खेळणाऱ्या तरुणाची राज्याच्या व देशाच्या संघावर. दाराशी उभे असणारे शेकडो आणि आत जागा मात्र अकरा, असा हा हिशेब आहे. त्यामुळे चांगले खेळूनही पुष्कळांना बाहेर राहावे लागते. त्यात कोणाचा दोष नसतो.

परंतु ज्याच्या खेळाविषयी मित्रांना नव्हे, तर शत्रुपक्षालाही शंका नव्हती, अशा एका खेळाडूला जन्मभर एकामागून एक दारे ठोठावीत राहावे लागले. लोणावळ्याहून निघालेली आगगाडी मावळ ओलांडून, खडकीवरून ज्या पुण्यात जाते, त्या पुण्याच्या लष्करी भागात तो लहानाचा मोठा झाला. त्याचे नाव बाळू बाबाजी पालवणकर. क्रिकेटच्या इतिहासात तो पी. बाळू या नावाने ओळखला जातो.

बाळूचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील, पालवण गावचे; आडनाव त्यावरूनच पडले. जात चर्मकार. त्या काळी हा समाज अस्पृश्य मानला जाई. गावच्या विहिरीवर त्याला पाणी भरता येत नसे, देवळात पाऊल टाकता येत नसे आणि शाळेत मूल घेतलेच, तर त्याला इतरांपासून दूर बसावे लागे. अशा घरांतील पुष्कळ कर्त्या पुरुषांना इंग्रजांच्या लष्करात पोटापुरते काम मिळत असे. बाळूचे वडीलही लष्करी नोकरीत होते आणि त्या नोकरीमुळेच कुटुंब पुण्यास आले. बाळू थोरला, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्याचे धाकटे भाऊ. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या मोडक्या बॅटी आणि झिजलेले चेंडू ही या भावांची खेळणी होती. चौघेही पुढे नामांकित खेळाडू झाले, हे मात्र त्या मोडक्या बॅटींकडे पाहून कोणाला खरे वाटले नसते.

घरची गरज अशी होती की, बाळूला फार दिवस शाळेत राहता आले नाही. पुण्यात पारशी लोकांचा एक क्रिकेट क्लब होता. तेथे मैदान झाडण्याचे व खेळपट्टी लाटण्याचे काम त्याला मिळाले. पगार महिना तीन रुपये. सभासदांना सरावासाठी कोणी हवा असला, म्हणजे बाळू चार चेंडू टाकी. एवढाच काय तो त्याचा खेळाशी संबंध. १८९२ च्या सुमारास त्याने ही नोकरी सोडली आणि गोऱ्या लोकांच्या पूना क्लबात तो रुजू झाला. येथे पगार एका रुपयाने अधिक होता आणि कामेही अधिक होती. खेळपट्टी लाटावयाची, तिच्यावर पांढऱ्या रेषा आखावयाच्या, सरावाची जाळी बांधावयाची आणि वेळ पडली तर टेनिसचे मैदानही आखून द्यावयाचे.

त्या क्लबातील ट्रॉस नावाच्या एका इंग्रजाने बाळूला सरावाच्या जाळीत चेंडू टाकण्यास प्रोत्साहन दिले. बाळू डावखुरा होता. बार्टन नावाच्या एका डावखुऱ्या इंग्रज कप्तानाची सहज, डौलदार फेक त्याने दुरून न्याहाळली आणि आपल्या अंगी बाणविली, असे सांगतात. शिकविणारा कोणी नव्हता. पण पाहणारा डोळा तीक्ष्ण होता आणि हात कष्टाला सरावलेला होता. त्याचा चेंडू मंदगतीने, हवेत थोडा रेंगाळत येई आणि टप्पा पडताच कधी आत, कधी बाहेर वळे. फलंदाज त्या गतीला सरावला आहे असे वाटले की, त्याच हातातून एखादा वेगवान चेंडू निघे. टप्पा तर ठरल्या जागेपासून क्वचितच ढळत असे. असा मारा तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत, न थकता करू शके. पुढे जाणकारांनी त्याची तुलना इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी केली. ऱ्होड्स हा त्या काळी जगातील श्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज समजला जात असे.

पूना क्लबात त्या दिवसांत कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी होता. हा इंग्लंडमध्ये हॅम्पशर परगण्याकडून खेळलेला, उत्तम फलंदाज. (उतारवयात लष्कर सोडून तो पाद्री झाला.) ग्रेग इतर सभासदांच्या तासभर आधी मैदानावर येई आणि एकट्या बाळूच्या गोलंदाजीवर सराव करी. आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे बक्षीस देण्याचे त्याने कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. रुपयाचे आणे सोळा. तेव्हा ग्रेगला आठ वेळा बाद केले, की महिन्याच्या पगाराइतकी रक्कम हाती येई. ग्रेगसारख्या फलंदाजाला चुकविण्यासाठी बाळूला रोज नवी युक्ती शोधावी लागे आणि बाळूच्या युक्त्या ओळखता ओळखता ग्रेगचा खेळही सुधारत जाई. या सरावात दोघांचाही लाभ झाला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पूना क्लबात बाळूने शेकडो तास गोलंदाजी केली. पण त्याच्या हाती बॅट कोणी कधी दिली नाही. फलंदाजी हा साहेबलोकांचा मान, आणि चेंडू टाकणे हे चाकराचे काम, अशी तेथील समजूत होती. बाळू फलंदाज म्हणून फारसा मोठा झाला नाही, याचे कारण निराळे शोधावयास नको.

त्याच सुमारास पुण्यातील हिंदूंच्या क्रिकेट क्लबाला गोऱ्यांचा पराभव करण्याची ईर्षा उत्पन्न झाली होती. फलंदाज बरे होते. पण समोरचा संघ बाद करील असा गोलंदाज नव्हता. तसा गोलंदाज गावातच आहे, रोज साहेबांना चेंडू टाकतो आहे, हे सर्वांना ठाऊक होते. आणि तो अस्पृश्य आहे हेही सर्वांना ठाऊक होते. त्याला संघात घ्यावे की घेऊ नये, यावर क्लबात कडाक्याचे वाद झाले. काही तेलंग सभासद त्याला घ्यावा असे म्हणत होते, तर पुण्यातील सनातनी मंडळी नाके मुरडीत होती. या वादात ग्रेगही पडला. अशा गुणी गोलंदाजाला केवळ जातीपायी दूर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचे मत त्याने वृत्तपत्रातून प्रसिद्ध केले. त्यात बाळूविषयीची कदर किती होती आणि बाळूला खऱ्या सामन्यात तोंड देण्याची हौस किती होती, हे सांगणे कठीण. अखेर जिंकण्याची इच्छा सोवळ्यावर मात करून गेली आणि बाळूला हिंदू संघात जागा मिळाली.

पण ही जागा मैदानाच्या रेषेपुरतीच होती. खेळ चालू असेतो बाळूने टाकलेला चेंडू ब्राह्मण यष्टिरक्षक झेली आणि तोच चेंडू परत बाळूच्या हाती देई. तेव्हा विटाळ होत नसे. चहाची वेळ झाली, की बाकीचे दहा जण तंबूत बसून चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळूला तंबूबाहेर, एकदा वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. हातपाय धुवावयाचे असले, तर मैदानाच्या कोपऱ्यात त्याच्याच समाजातील एखादा गडी त्याच्या हातावर पाणी घाली. जेवणाचे ताट वेगळे आणि बसण्याची जागाही वेगळी. एकाच संघातील अकरा जणांत दहांची एक पंगत आणि एकाची एक पंगत, असा हा प्रकार होता. सतरा-अठरा वर्षांच्या त्या तरुणाला काय वाटत असेल, याची कल्पनाच करावी लागते; कारण तो त्याविषयी चारचौघांत बोलल्याचे दिसत नाही. चहा संपला, की तो पुन्हा चेंडू हाती घेई आणि पुढचा गडी बाद करी.

बाळूंच्या बळावर पुण्याच्या हिंदू संघाने गोऱ्या संघांना नमविण्यास आरंभ केला. साताऱ्याच्या गोऱ्यांशी झालेल्या सामन्याची हकीकत प्रसिद्ध आहे. बाळूंच्या फिरकीची कीर्ती तेथवर पोहोचली होती. चेंडू वळूच नये म्हणून तेथील मंडळींनी आठवडाभर खेळपट्टी लाटून लाटून टणक करून ठेविली. तरी बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुण्याचा संघ सहज विजयी झाला. खेळपट्टी लाटण्याचे काम ज्याने वर्षानुवर्षे केले, त्याला खेळपट्टीची रहस्ये निराळी शिकवावी लागत नाहीत! या विजयानंतर बाळूंचा जाहीर सत्कार झाला. जे बाळूंबरोबर खेळतात त्यांनी त्यांच्याबरोबर खाण्यापिण्यासही हरकत घेऊ नये, असे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी खेळाडूंना सुनावल्याचे सांगतात. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचे कौतुक केले होते.

पुढे पुण्यात प्लेगाची साथ आली. लोक घरेदारे सोडून बाहेर पडू लागले. १८९६ च्या सुमारास बाळूंनीही पुणे सोडले आणि ते मुंबईस गेले. पुण्याहून मुंबईस जाणारा लोहमार्ग मावळातूनच जातो. तळेगाव, वडगाव, कामशेत, मळवली ही स्थानके मागे पडतात; डाव्या हातास लोहगड व विसापूर दिसू लागतात; आणि लोणावळा, खंडाळा ओलांडले की, गाडी बोरघाट उतरू लागते. १८६३ साली हा घाट आगगाडीला मोकळा झाला. चढ इतका अवघड होता की, त्या काळी घाटात एके ठिकाणी गाडी थांबवून तिचे इंजिन दुसऱ्या टोकास लावावे लागे आणि मगच ती पुढे सरके. या लोहमार्गाने पुणे आणि मुंबई ही दोन शहरे जवळ आणली, आणि त्यांबरोबर दोन्हीकडचे क्रिकेटही जवळ आणले. पुण्यात नाव काढलेल्या खेळाडूची कसोटी मुंबईच्या मैदानांवर लागत असे.

मुंबईत बाळूंनी काही काळ लष्करात काम केले आणि मग बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी धरली. रेल्वे कंपनीचा स्वतःचा क्रिकेट संघ होता. बाळू त्यातून खेळू लागले. परंतु मुंबईतील हिंदूंचे खरे क्रिकेट परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात चाले. तेथे प्रवेश मिळविण्यासाठी पुन्हा तोच वाद उभा राहिला. काही सभासदांनी विरोध केला. कीर्तिकर हे संघाचे नायक मात्र बाळूंच्या बाजूने ठाम उभे राहिले आणि त्यांना संघात घेऊनच थांबले. मुंबई पुण्याहून एक पाऊल पुढे होती असे म्हटले पाहिजे. कारण येथे बाळूंना इतर खेळाडूंच्या पंगतीस बसू देण्यात आले. थोड्याच वर्षांत धाकटा भाऊ शिवराम हाही फलंदाज म्हणून नावारूपास आला आणि त्यालाही संघात जागा मिळाली.

त्या काळी भारताचा असा एक संघ नव्हता. मुंबईत जातीधर्माप्रमाणे संघ असत. गोऱ्यांचा संघ आणि पारशांचा संघ यांचे सामने १८९२ पासून मोठ्या थाटाने होत असत. आपल्यालाही गोऱ्यांशी खेळता यावे, अशी हिंदूंची खटपट चालली होती. अखेर फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा पहिला सामना बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर ठरला. मैदान हिंदी लोकांच्या शहरात होते. पण त्या जिमखान्याच्या इमारतीत हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हते. प्रेक्षकांची झुंबड उडाली. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियनांच्या १९१ झाल्या. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० धावा झाल्या आणि युरोपियन १०२ धावांत गारद झाले. हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला. बाळूंचा मारा या विजयाचा मुख्य आधार होता. समोरच्या संघातील पुष्कळांना पूना क्लबातील दिवस आठवले असतील. ज्याला चार रुपयांवर चेंडू टाकावयास लाविले, त्यानेच मुंबईच्या मैदानावर त्यांचे डाव गुंडाळले.

हा विजय नुसत्या खेळातला मानला गेला नाही. सुधारकांच्या वृत्तपत्रांनी त्यावर लिहिले. राज्यकर्त्यांचा पराभव झाला याचा आनंद होताच. पण चर्मकार समाजातील दोन भावांना संघात घेतल्यामुळे तो घडला, हे त्यांनी लोकांच्या नजरेस आणून दिले. १९०७ पासून पारशी संघ या सामन्यांत आला आणि ते तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमान संघ आल्यावर ते चौरंगी म्हणून गाजले. बाळू प्रत्येक वर्षी हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज असत.

१९११ साली मोठी संधी आली. सर्व भारताचा म्हणता येईल असा पहिला संघ इंग्लंडला जावयाचा होता. यापूर्वी असा एक प्रयत्न झाला होता. पण कोणत्या समाजाचे किती खेळाडू घ्यावयाचे याच्या भांडणात तो फसला होता. या वेळी पारशी, हिंदू व मुसलमान अशा सर्वांतून खेळाडू निवडण्यात आले. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग नायक झाले. बाळू आणि शिवराम या दोघांचीही निवड झाली. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीचे होते. गोलंदाजाच्या दृष्टीने हे वय उतरणीचे. त्यात त्यांचा खांदाही दुखत होता.

इंग्लंडमध्ये ते वर्ष राजे पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचे होते. महाराज काही थोडे सामने खेळून दरबारी समारंभांत गुंतले. के. एम. मिस्त्री हे संघातील उत्तम फलंदाज. तेही महाराजांच्या दिमतीस गेले. उरलेल्या खेळाडूंना तेथील थंडी, ओली मैदाने आणि रोज नवा कसलेला प्रतिपक्ष यांना तोंड द्यावे लागले. सुरुवातीचे सामने एकामागून एक हातचे गेले. संघ हरत होता. पण एका बाजूने बाळू चेंडू टाकीत होते आणि गडी बाद करीत होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एकाच डावात १०३ धावा देऊन ८ बळी घेतले. लेस्टरशर परगण्याविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत मिळून ११ गडी बाद केले आणि संघाला विजय मिळवून दिला. मग टाँटन येथे सॉमरसेटशी झालेल्या सामन्यात शिवरामने नाबाद शतक झळकावले आणि एक गडी राखून दुसरा महत्त्वाचा विजय पदरात पडला. एका सामन्यात थोरला भाऊ, दुसऱ्यात धाकटा. दौऱ्यातील दोन मोठे विजय या दोन भावांनी घरी आणले.

दौऱ्यात एकूण २३ सामने झाले. त्यांतील ६ जिंकले, १५ हरले आणि २ अनिर्णित राहिले. बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ गडी बाद केले. दर गड्यामागे त्यांना १९ धावाही द्याव्या लागल्या नाहीत. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजाने, दुखऱ्या खांद्याने, परक्या हवेत केलेली ही कामगिरी आहे. पहिल्या दर्जाच्या चौदा सामन्यांतच त्यांचे ७५ बळी होते.

बाळू परत आले तेव्हा मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समाजातील मुलांना अभिमानाने सांगता येईल असे फार थोडे त्या काळी घडत असे. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारे तरुण भीमराव आंबेडकर हेही बाळूंच्या चाहत्यांपैकी होते आणि या सत्काराच्या मानपत्राशी त्यांचा संबंध होता, असे सांगतात.

यापुढे एकच दार उघडावयाचे राहिले होते. खेळाडू म्हणून बाळूंची जागा कोणी नाकारू शकत नव्हते. परंतु हिंदू संघाचे नायकत्व त्यांना कधी देण्यात आले नाही. अनुभवाने ते सर्वांत ज्येष्ठ होते. सामना कोठे वळतो आणि कोणत्या फलंदाजाला कोणता चेंडू टाकावा, हे त्यांच्याइतके कोणाला कळत नसे. तरी दरवर्षी नाव निघे ते एखाद्या उच्चवर्णीय खेळाडूचे. एम. डी. पै हे त्या वेळचे हिंदू संघाचे नायक. पै यांचा मोठेपणा असा की, १९१३ साली आपल्या सत्कारप्रसंगी बोलताना त्यांनी हा मान ज्येष्ठतेने बाळूंचा होता, असे मोकळेपणाने सांगितले. सभेने ते ऐकून घेतले. बाळू मात्र पूर्वीसारखेच साधे खेळाडू राहिले.

१९२० मध्ये गोष्ट निकरावर आली. बाळूंचे वय आता पंचेचाळिशीचे होते. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांत पहिल्या सामन्याच्या वेळी त्यांना वगळण्यात आले. पै आजारी असल्यामुळे नायक दुसरा नेमावयाचा होता. शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ संघात होते आणि अनुभवाने पुढे होते. विठ्ठल तर त्या काळच्या श्रेष्ठ फलंदाजांपैकी एक. तरी दोघांनाही डावलून नायकपद दुसऱ्याकडे देण्यात आले. थोरल्या भावाने पंचवीस वर्षे जे मुकाट्याने सोसले होते, ते धाकट्यांनी सोसले नाही. दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि केवळ जातीमुळे आपल्याला डावलण्यात येते, असे जाहीर पत्रक काढले. वर्तमानपत्रांतून वाद पेटला. पुष्कळ लोकांनी भावांची बाजू घेतली. अस्पृश्यतेविरुद्ध देशात चळवळ सुरू झालेली असल्यामुळे निवड करणाऱ्यांना हा आवाज कानाआड करता आला नाही.

पारशांशी अंतिम सामना होता. पै बरे होऊन परतले. शिवराम आणि विठ्ठल संघात आले. आणि बाळूंना पुन्हा बोलावून उपनायक करण्यात आले. सामना चालू असता पै काही वेळ मैदानाबाहेर गेले. तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती होती. कोणी कोठे उभे राहावे हे ते सांगत होते आणि खेळाडू त्यांच्या हाताच्या खुणेबरोबर जागा बदलीत होते. तो वेळ मोठा नव्हता. पण मैदान झाडण्यापासून ज्याने आरंभ केला, त्याच्या वाट्याला हिंदू संघाचे नेतृत्व आले ते एवढेच.

त्यानंतर बाळूंनी मोठ्या सामन्यांतून निवृत्ती घेतली. त्यांच्या नावावर पहिल्या दर्जाचे ३३ सामने आणि १७९ बळी आहेत; दर बळीमागे धावा पंधराच्या आसपास. आजचे खेळाडू तीन-चार वर्षांत जितके सामने खेळतात, तितके त्या काळी उभ्या आयुष्यात मिळत नसत. भारत पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२ साली, लॉर्ड्सवर. तेव्हा बाळू साठीकडे झुकले होते.

अवघ्या तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल यांना हिंदू संघाचे नायक नेमण्यात आले. त्या वर्षी चौरंगी सामन्यांत हिंदूंनी युरोपियनांना हरवून विजय मिळविला, तेव्हा उच्चवर्णीय प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. चहाचे भांडे वेगळे ठेवणाऱ्यांचीच ही पुढची पिढी होती. विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली पुढेही संघाने यश मिळविले. त्यांनी १९४८ साली आपले आत्मचरित्र ‘माझे क्रीडा-जीवन’ या नावाने मराठीत प्रसिद्ध केले. बाळूंनी स्वतःविषयी काही लिहून ठेविले नाही.

उत्तर आयुष्यात बाळू सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ साली पुणे कराराच्या वेळी गांधीजींच्या बाजूने समेट व्हावा म्हणून खटपट करणाऱ्या दलित पुढाऱ्यांत ते होते. १९३७ साली मुंबई प्रांतिक विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ज्यांचा अभिमान तरुण आंबेडकरांना वाटे, त्यांच्याशीच त्यांना सामना करावा लागला, हा प्रसंग दोघांनाही अवघड गेला असला पाहिजे. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली आणि बाळूंना ११,२२५. बाळू हरले, पण मतांचा फरक मोठा नव्हता.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. सांताक्रूझच्या स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या वेळी क्रिकेटच्या मैदानावरील जुने सोबती आणि दलित समाजातील पुढारी एकत्र उभे होते.